कागदाला जीव न्हाई

आमच्या सदलग्याच्या घरात कुणी "आज पुरी झाली, पुरी!" असं ओरडत मागल्या दारानं आत आलं, तर चुलीकडं बघायचं नसतं, हे मला लग्न होऊन थोडे दिवस गेल्यावर कळलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवी नवरी. पदर सावरत लगबगीनं उठले आणि खुंटीवरची कढई खाली काढली. थोरल्या आत्तींनी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंनी, कढई माझ्या हातातून घेतली आणि परत खुंटीला अडकवली.

"खायची पुरी न्हवं ती," त्या म्हणाल्या. "त्येंच्या गोळ्यांची."

ओरडत आले होते ते थोरले मामा, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. नाव आदगोंडा, सारं गाव आदाण्णा म्हणायचं. हातात जुन्या वर्तमानपत्राचा कागद, त्यावर दिव्याच्या काजळीनं काढलेला काळा गोल, आणि त्या गोलात चार-पाच भोकं एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसलेली. त्यांच्यावर खरोखरच एक पुरी ठेवली असती तर सगळी झाकली गेली असती. मामा तो कागद नातवाचं बारसं असल्यागत घरभर दाखवत हिंडत होते. म्हशीला सुद्धा दाखवला असावा, कारण ते गोठ्याकडं जाऊन आले.

त्यांची मापं सगळी स्वैपाकघरातली. एकाच नेमावर पाठोपाठ गोळ्या मारायच्या आणि त्या कागदावर किती पसरल्या ते बघायचं. लई पसरल्या की "आज परात झाली" म्हणायचे आणि जेवताना गप्प बसायचे. त्याहून बरं म्हणजे भाकरी. मग धपाटं. मग पुरी. पुरीच्या पुढचं माप रुपया, पण रुपया मी आल्यापासून तरी कधी झाला नाही. "व्हईल," म्हणायचे. "रुपाया बी व्हईल. घाई काय हाय?"

रायफल त्यांच्या वडलांची. पलटणीतून मोडीत निघालेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी, लाकडी दस्त्याची, आणि अशी जड की मी एकदा झाडलोट करताना उचलली तर मनगट दुखलं. लायसन होतं ते रानाच्या राखणीचं. बेळगावच्या कँपातल्या दुकानात पूर्वी तयार काडतुसं मिळायची. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि ती मिळेनाशी झाली. मग वाजलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं टाकून द्यायचं नाही, त्यातच ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि घरी ओतलेली शिशाची गोळी भरायची, असं मामांनी सुरू केलं. लोकांना ते लढाईचं निमित्त सांगायचे. आत्ती मला म्हणाल्या, "लढाई कसली गं, माझं लगीन झालं तवापास्नं ह्ये चाललंय. वरातीत बी खिशात शिसं हुतं."

आता यात गंमत अशी की आम्ही जैन. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत ताटावरून उठणारी माणसं. अशा घरात रायफल! बस्तीत देवदर्शनाला गेले की कुणी ना कुणी मामांना टोचायचंच.

"आदाण्णा, हितं हात जोडतोस आनि घरात बार काढतोस व्हय रं?"

"कागदावर काढतो काका. कागदाला जीव न्हाई."

आणि ते खरं होतं. त्या माणसानं जन्मात एक चिमणी मारली नव्हती. पर्युषणाच्या दिवसांत तर रायफल खुंटीवरून खालीच यायची नाही. एरवी आमच्या मळ्यातल्या मातीच्या बांधासमोर तट्ट्या उभा करून त्यावर कागद डकवायचा, हा त्यांचा नेहमीचा कार्यक्रम. पण बार काढायच्या आधी ते बांधापाशी जायचे, मऊ केरसुणीनं बांध वरून खाली झाडायचे, मग काठीनं ठोकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "सरा रं बाजूला. सरडं, मुंग्या, किडूकमिडूक, सगळी सरा. बार घ्यायचाय." मग सरड्यांना बिऱ्हाड हलवायला वेळ द्यायचा म्हणून थोडं थांबायचे. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त खंडू पलीकडच्या मळ्यात असायचा. त्याच्याकडे जुनी ठासणीची बंदूक होती आणि तो सशापासून डुकरापर्यंत सगळं खायचा. तो ओरडायचा, "आण्णा, आता दवंडी बी पिटीव की! गावातल्या डासांस्नी बी कळू दे!"

"तू गप ऱ्हा रं. तुज्या पोटात निम्मं रान गेलंय."

"आनि तुज्या कागदात निम्मं वर्तमानपत्र!"

तेही खोटं नव्हतं. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. मधल्या बातम्या गोळ्यांनी खाल्लेल्या असायच्या, तेवढ्या मनानं भरून काढायच्या.

गोळ्या ओतायचं काम मागल्या अंगणात, आणि तेही भर दिवसा. दिवेलागणीला विस्तव पेटवला की त्यावर किडे-पाखरं झेपावतात, म्हणून संध्याकाळी शेगडीला हात नाही. लोखंडी पळीत शिसं वितळवायचं. त्यात कल्हईवाल्याकडून आणलेलं कथील थोडं घालायचं, म्हणजे गोळी जरा टणक होते. सांडशीसारखा उघडमीट करणारा साचा होता, त्यात ओतायचं. साचा थंड असेतोवर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघायच्या. त्या परत पळीत. मग निघालेली एकेक गोळी पितळी थाळीत गरागरा फिरवून कान देऊन ऐकायचे. एक बाजू पोकळ असेल तर ती लंगडत फिरते म्हणे. मला सगळ्या सारख्याच वाटायच्या. मामा मात्र एखादी अशी उचलायचे आणि तिला म्हणायचे, "तुज्या पोटात वारं हाय बग," आणि परत पळीत.

त्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते त्यांनी घरादाराला लावलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू थोडी कमी केली तर गोळी तीच ठेवायची. गोळीत कथील वाढवलं तर दारू तीच ठेवायची. दोन्ही बदलून पुरी झाली तर कुणाचे आभार मानणार? आणि परात झाली तर कुणाला शिव्या देणार? इथवर ठीक. पण आमटी बेचव लागली की तोच सवाल आत्तींना.

"मीठ बदललंस का डाळ?"

"दोन्ही."

"मग आता कळायचं कसं?"

"खावा गप. आनि काय कळायचंय?"

एकदा त्यांची टाच दुखायला लागली. चांभाराकडून नवी चप्पल आणली. दुसऱ्या दिवशी बघते तर उजव्या पायात नवी, डाव्या पायात जुनी, आणि तसेच बाजाराला निघालेले. आत्ती दारापर्यंत धावल्या. "अवो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दोन्ही नव्या घातल्या तर टाच चपलीनं बरी झाली का आपसूक झाली, कसं कळणार?"

"टाच कुठली दुखत्या?"

मामा थांबले. जरा विचार केला आणि म्हणाले, "डावी." मग परत येऊन चपला बदलल्या आणि गेले.

पण खरी फजिती झाली ती तुपानं. ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

शिशाची गोळी कोरडी सोडली तर नळीच्या आत शिसं धरतं, आणि मग पुढच्या गोळ्या वाटेल तिकडं जातात. म्हणून गोळीला वंगण लावावं लागतं. गोरे सोजीर चरबी आणि मधमाशीचं मेण वापरायचे. चरबीचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती. मध आम्ही खात नाही, तर पोळं पिळून काढलेलं मेण तरी कसं चालणार? मामांनी खोबरेल लावून बघितलं, परात. करंजेल, परात. नुसतं एरंडेल, भाकरी. आणि एका थंडीत त्यांना तूप सुचलं. आत्तींनी बरणी लपवली तर त्यांनी ती हुडकून काढली. थंडीत तूप घट्ट बसलं, गोळ्यांना छान चिकटलं, आणि बघता बघता धपाटं, मग पुरी, मी कढई काढली होती तीच. मामा खूश. डबा भरून काडतुसं तयार केली आणि फळीवर ठेवली.

मग चैत्र लागला. तूप पातळ झालं, नळकांड्यातून हळूच खाली उतरलं आणि दारूत मुरलं. मामांनी गावातली पाच शहाणी माणसं मुद्दाम बोलावून आणलेली. घोडा ओढला. फुस्स! गोळी नळीच्या तोंडातून लाजत बाहेर आली आणि पुढ्यातच पडली. खंडू म्हणाला, "आण्णा, हिला भाकरी वाड, जेवायला आलीया."

तेवढ्यावर भागलं नाही. घरी येऊन बघतात तर उरलेल्या काडतुसांच्या डब्याला मुंग्या. तुपाचाच वास तो! दुसऱ्या कुणी डबा झटकला असता. आमच्याकडं मुंगीला इजा करायची नाही. मामांनी डबा दोन हातांनी अलगद उचलला, अंगणात पेरूच्या सावलीला ठेवला आणि मुंग्या आपणहून जाईपर्यंत वाट बघितली. येणारा-जाणारा विचारायचा, "आण्णा, डब्यात काय हाय?" आत्ती आतून सांगायच्या, "लगीनघर. जेवणावळी उठायच्या हायत अजून."

वंगण सापडलं ते मी पहिल्यांदा माहेरी, बेळगावजवळच्या वडगावला, जाऊन आले तेव्हा. आमच्या वडगावला घरोघरी माग, रात्री काम करायला उजेड लागतो. रॉकेलची टंचाई म्हणून माझ्या भावानं मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या, त्यातल्या थोड्या माझ्याबरोबर दिल्या. मामांनी एक उचलली, नखानं खरवडली, वास घेतला.

"सूनबाईला इचार गं," ते आत्तींना म्हणाले. मी समोर उभी असले तरी रीतीप्रमाणं ते माझ्याशी आत्तींच्या मार्फतच बोलायचे. "ह्ये मेण माशीचं हाय का?"

मी आत्तींना म्हटलं, "दुकानदार म्हणतोय रॉकेल जिथनं निघतं तिथनंच हे निघतं."

मामांनी ते ऐकलं आणि आत्तींना विसरून थेट माझ्याकडं वळले. "खरं सांगतीस पोरी? माशी न्हाई, जनावर न्हाई, काय न्हाई?" असे हरखले की त्या दिवसापासून माझ्याशी सरळ बोलायला लागले ते कायमचेच. मग मेणबत्तीचं मेण आणि एरंडेल, जास्त मेण, कमी मेण, असं एकेक बदलत निम्मा उन्हाळा गेला. शेवटी एकदा मागल्या दारानं ती आरोळी आली. पुन्हा पुरी, आणि तीही ऐन वैशाखात! या वेळी आत्तींनीच कढई खाली काढली आणि खरोखरच्या पुऱ्या तळल्या. "एकदाची झाली," म्हणाल्या. "आता तरी माझी बरणी सोडा."

त्याच वर्षी पौषात रायफलीवर बालंट आलं.

आमच्या बांधाला लागून पारिसाचं रान. दूधगंगेच्या काठच्या झाडीतून डुकरं यायची, एका ओघळीनं वर चढायची आणि त्याच्या शाळवात शिरायची. शाळू हुरड्याला आला होता. पारिसाचं एकरभर पीक त्यांनी लोळवलं. तो बिचारा चिडला. त्यात चिकोडीहून नवे मामलेदार गावात मुक्कामाला आलेले, चावडीत बसलेले. पारिसानं जाऊन सांगितलं, "साहेब, राखणीची बंदूक ह्येंच्याकडं, डुकरं माज्या रानात, आनि ह्यो मानूस कागद फाडत बसतोय."

मामलेदारांनी मामांना बोलावलं. काय झालं ते खंडूनं येऊन आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं.

"या बंदुकीनं आजवर किती डुकरं मारलीत?"

"एक बी न्हाई साहेब."

"जखमी केलीत?"

"न्हाई."

"मग ती कशासाठी बाळगता?"

"राखणीला."

चावडी हसली. मामलेदार हसले नाहीत. म्हणाले, "परवा संध्याकाळी मी तुमच्या मळ्यात येतो. या बंदुकीनं राखण होते हे मला दाखवा. नाही दाखवता आलं तर बंदूक माझ्याबरोबर चिकोडीला येईल."

खंडू म्हणाला, "आण्णा, सोपं हाय. डुक्कर मी मारतो. तू नुस्ता शेजारी हुबा ऱ्हा, बंदूक घिऊन. काय बोलू बी नगंस."

"न बोलता बी खोटं सांगता येतंय, खंडू. न्हाई."

"मग एक मार. एकच! एवढा तुजा नेम, बसल्या जागी पडंल."

मामा उठले आणि रायफल उचलून खुंटीला अडकवून आले.

त्या दुपारी आमटी खारट झाली होती. आत्तींचा हात चुकला होता, आणि मला कळत होतं तर त्यांना कळत नसेल होय? मामा खाली मान घालून जेवत राहिले. आत्तींनी वाट बघितली. शेवटी त्याच म्हणाल्या, "येवडी खारट आमटी गिळताय आनि काय बदललं इचारत न्हाईसा?"

"चांगली झालीया," मामा म्हणाले.

आत्तींच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत त्या रायफलीला त्यांनी सवत म्हटलं होतं, काळतोंडी म्हटलं होतं. आता उठून मागल्या अंगणात गेल्या आणि मला म्हणाल्या, "ती काळतोंडी गेली तर ह्यो मानूस बसंल गं खाली. उठायचा न्हाई."

एवढ्यात काय झालं, अंगणात सांडगे वाळत घातले होते तिथं म्हैस दावं तोडून आली आणि तोंड घालून बसली. पलीकडच्या मळ्यात खंडू डुकरांना भिववायला बार काढत होता, धडाम् धडाम्. म्हशीचा कान हलला नाही. आत्तींचा सगळा राग त्या म्हशीवर. रॉकेलचा रिकामा डबा पडला होता तो उचलला आणि तिच्या कानाशी उलथनं हाणलं. टण्ण! म्हैस अशी उधळली की पेरूच्या फांदीसकट गोठ्यात.

मामा दारात येऊन उभे होते.

"परत वाजीव."

"आं?"

"परत वाजीव गं तेवडं!"

म्हशीला परत आणलं. आधी मामांनी खंडूला हाक मारून बार काढायला लावला. म्हैस सांडगे खात राहिली. मग आत्तींनी डबा वाजवला. म्हैस पसार. मग मामांनी म्हशीला दुसरीकडं तोंड करून उभी केली आणि पुन्हा दोन्ही करून बघितलं. आत्ती म्हणाल्या, "सांडगं संपत आलं, तुमचं हुयाचं हाय का अजून?" मामा हसत होते. मान वर करून, पोट धरून, सकाळपासून पहिल्यांदा.

गोष्ट अशी होती. रोज लांबून वाजणाऱ्या बाराला डुकरं सरावली होती. पण ज्या वाटेनं यायचं त्या वाटेवरच, अगदी कानाशी, एकाएकी डबा वाजला तर? तिन्हीसांजेला ओघळीत जाऊन डबा वाजवत बसायची कुणाची छाती नव्हती. पण रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसून लांबून त्या डब्याला गोळी मारता येत होती. मामांनी दुसऱ्या दिवशी ओघळीच्या तोंडाशी बाभळीला रॉकेलचा डबा बांधला. मागं नदीकाठची उंच दरड होती, म्हणजे गोळी पुढं कुठं जायची भीती नाही. माळ्यावरून तो डबा केवढा दिसायचा? सुपारीएवढा. आणि हो, दरडीवरच्या सरड्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

मामलेदार संध्याकाळी यायचे ते उशिरा आले. सूर्य टेकला होता. आत्तींनी फडक्यात भाकरी बांधून आणली होती, "आधी दोन घास खावा, दिवस मावळला तर उपास घडंल," म्हणून मागं लागल्या होत्या, पण मामा म्हणाले, "आधी बार." ते आणि मामलेदार माळ्यावर चढले. खाली पारिसा आणि खंडू. हुरड्याच्या निमित्तानं आम्ही दोघी पलीकडच्या बांधावर.

आता एक सांगायला पाहिजे. साफ केलेल्या थंड नळीतून निघालेली पहिली गोळी कधीच बाकीच्यांबरोबर जात नाही. मामांच्या कागदांवर ती नेहमी एकटीच, डावीकडं. म्हणून ते पहिला बार नुसता बांधात काढायचे, नळीची झोप उडवायला. पण आज तो बार काढला तर डुकरं ओघळीत शिरायच्या आधीच थबकणार आणि मामलेदारांना काहीच दिसणार नाही. मला वाटलं, अंधार पडेल, डुकरं येणार नाहीत, हे साहेब वैतागून रायफल घेऊन जातील. तोच झाडी हलली.

पुढं मोठी डुकरीण, मागं पिल्लं, आगगाडीच्या डब्यांसारखी. ओघळीनं सरळ वर. माळ्यावरून मामलेदारांचा दबलेला आवाज आम्हाला इथवर आला. "मारा! समोर आहे! यापेक्षा जवळ कधी मिळणार?"

"पिल्लं हायत साहेब," मामा म्हणाले.

नळी डुकरांवरून सरकली. डब्यावर आली. आणि डब्यावरही थांबली नाही. आणखी उजवीकडं गेली आणि तिथं, मोकळ्या दरडीवर, स्थिर झाली.

"आण्णा!" खालून खंडू कुजबुजला. "डबा डावीकडं हाय! डावीकडं!"

आत्तींनी माझं मनगट धरलं. "डोळं गेलं गं ह्येंचं," म्हणाल्या. "आजच जायाचं हुतं व्हय."

बार झाला. आणि त्यावर चढून, टण्ण! डबा बाभळीवर असा नाचला की त्यावरची पाखरं भर्रकन उठली. डुकरीण जागच्या जागी गर्रकन फिरली. पिल्लं एकमेकांवर आपटली, शेपट्या वर करून आईच्या मागं झाडीत नाहीशी झाली. शाळवाचं एक कणीस मोडलं नव्हतं.

सगळ्यात आधी हसला तो पारिसा. हसतच खाली बसला.

मामलेदार म्हणाले, "तुम्ही डब्यावर नेम धरलाच नव्हता. मी पाहत होतो."

"न्हवता धरला. थंड नळीचा पैला बार एवड्या लांबीवर धपाट्याएवडा डावीकडं जातोय. कागदानं सांगिटलंय."

"किती?"

"धपाट्याएवडा." मामांनी दोन्ही हातांनी आकार करून दाखवला. "आमच्या हिच्या हातचं. दुसऱ्याचं धपाटं ल्हान असतंय."

तेव्हा मात्र मामलेदार मोकळेपणानं हसले. "आणखी एक मारा," म्हणाले. या वेळी मामांनी सरळ डब्यावर नेम धरला आणि डबा पुन्हा वाजला.

खाली उतरल्यावर मामलेदार पारिसाला म्हणाले, "राखण झाली पाहिजे. डुक्कर मेलंच पाहिजे असं लायसनात कुठं नाही." आणि दुसऱ्या दिवशी चावडीत त्यांनी लायसनवर सही केली. पारिसा तिथंच मामांच्या मागं लागला, "आण्णा, माज्या बी बांधाला एक डबा बांद की."

"बांधतो. पर डबा तुजा."

त्या संध्याकाळी मामांना उपास घडला तो घडलाच. घरी येताना आत्ती भाकरीचं गाठोडं काखेत मारून पुढं चालल्या होत्या आणि बडबडत होत्या, "डोळं गेलं म्हटलं मी, सगळ्यांच्या देखत. सांगायचं तरी, का मुद्दाम उजवीकडं धरलंय म्हणून." मामा मागून म्हणाले, "डुकरं ऐकत्यात गं."

पुढं दोन-तीन वर्षं आमच्या शिवारात जागोजाग डबे टांगलेले असायचे आणि तिन्हीसांजेला टण्ण आवाज यायचा. मग मामांचे कागद हळूहळू बिघडायला लागले. पुरीचं धपाटं, धपाट्याची भाकरी. त्यांनी नवं शिसं आणलं. दारू बदलली. नळी घासली. वंगण नव्यानं केलं. एकेक करत सगळं बदललं. आणि स्वातंत्र्य आलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक दिवस ते मळ्यातून घरी आले ते चक्क आनंदात.

"सापडला दोष!" म्हणाले. "गोळीचा न्हाई, दारूचा न्हाई, बंदुकीचा तर न्हाईच न्हाई. माज्या डोळ्याचा हाय. डाव्या डोळ्यानं डबा दिसतोय, उजव्यानं दिसत न्हाई."

मोतीबिंदू होता. चूक नेमकी कुठं आहे ते सापडलं याचाच त्यांना हर्ष. आत्ती आत गेल्या आणि लाकडं सारत बसल्या, चूल पेटलेली नसताना.

"ज्याला डबा दिसत न्हाई त्यानं बंदूक ठिवायची न्हाई," मामांनी सांगून टाकलं. खंडूनं, पारिसानं, सगळ्यांनी समजावलं. ऐकलं नाही. ज्या रायफलीसाठी मामलेदारासमोर माळ्यावर चढले, ती आपल्या हातानं चिकोडीच्या कचेरीत द्यायला निघाले. मी बाळंतपणासाठी वडगावला चालले होते. चिकोडीपर्यंत गाडी एकच, पुढं मला बेळगावची मोटार धरायची होती. रायफल धुतल्या धोतरात गुंडाळून मांडीवर आडवी घेतलेली, आणि वाटभर मामा मला सांगत होते की बाळाला एका वेळी एकच नवं औषध द्यायचं.

कचेरीतल्या कोवळ्या कारकुनानं रायफल घेतली आणि कोपऱ्यात गंजलेल्या बंदुकांच्या ढिगावर टाकायला गेला. मामांनी ती मधल्या मधे झेलली. स्वतःच्या उपरण्यानं पुसली, भिंतीशी नीट उभी केली. मग त्या कारकुनाकडं वळले. मोटारीचा भोंगा वाजला तशी मी त्यांच्या पाया पडले. "जा, जा, जपून जा पोरी," म्हणाले, पण लक्ष माझ्याकडं नव्हतं.

मोटार कचेरीच्या खिडकीजवळूनच वळली. आत कारकुनानं लेखणी खाली ठेवली होती. मामांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात धरला होता आणि त्याचं घोडा ओढायचं बोट हळूच, हळूच आत दाबत होते.

"असा हिसडा न्हाई रं मारायचा," त्यांचा आवाज ऐकू आला. "पिकलेलं आंबं चाचपतोस का न्हाई? तसं. तुला बी कळू नये, बार कवा झाला."

तो पोरगा हसत होता, आणि डोळे मिटून पुन्हा करून बघत होता. धुरळा उठला आणि खिडकी दिसेनाशी झाली. त्या पावसाळ्यात, मी वडगावलाच असताना, थोरले मामा गेले. मला ते तसेच राहिले आहेत, दुसऱ्याचं बोट धरून.